साडेसात-सोळा

त्या वर्षी आत्याबाईंना एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत होतं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या आणि माचीवाडी डोंगरावरून उतरून आमच्या दारात यायची. सगळी वाडी. घरं, गोठे, चिंचेखालचा पार, भैरूमामांची शेळीसुद्धा. दारात यायची, उभी राहायची आणि आत यायला लाजायची. आत्याबाई म्हणायच्या, "या की आत," आणि तेवढ्यात जाग यायची.

सकाळी चहा पिताना त्या हे स्वप्न सांगायच्या ते काल कुणी पाहुणे येऊन गेल्यासारखं. मी तळेगावची, स्टेशनाजवळ वाढलेली. स्वप्न दुपारपर्यंत विसरावं आणि कामाला लागावं या मताची. पण हे स्वप्न मलाही चिकटलं. भांडी घासता घासता मी उगाच दाराकडे बघायची, शेळी दिसते का म्हणून.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गिरजाबाई. माचीवाडी त्यांचं माहेर. चाकण मागे टाकायचं, भामा नदी ओलांडायची आणि मग डोंगराच्या अंगावरून पाच वळणं चढायची, की वर माचीवर दहा-बारा घरं. त्यांचा खुबा मोडला तेव्हापासून अकरा वर्षं त्या तिकडे गेल्या नव्हत्या. दर भाऊबीजेला त्यांचे थोरले भाऊ, भैरूमामा, डोंगर उतरून चालत आमच्या कुरुळीला यायचे. काखेत घोंगडी, हातात करवंदाच्या लोणच्याची बरणी. ओवाळून घ्यायचे, दोन दिवस राहायचे, परत चालत जायचे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या नवरात्रात वाडीवरचा एक माणूस निरोप घेऊन आला. भैरूमामांच्या पायांतलं बळ गेलं होतं, बाजेवरून उठवत नव्हतं. तो माणूस जाताना दाराबाहेर मला हळूच म्हणाला, "दिवाळी काढतील." मला वाटलं आत्याबाईंनी ऐकलं नसेल. त्यांनी ऐकलं होतं.

संध्याकाळी त्यांनी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एवढंच म्हटलं, "यंदा ओवाळायला मलाच जावं लागंल."

मामंजी, कोंडीराम सुतार, एके काळी पंचक्रोशीला बैलगाडीची चाकं पुरवायचे. कंपन्या आल्या, त्यांच्यामागून जुने टायर आले, आणि शेतकऱ्यांनी गाड्यांना लाकडी चाकांऐवजी रबरी चाकं लावली. मामंजींचं शेवटचं चाक कुणी नेलंच नाही. ते परसात भिंतीला टेकून उभं होतं आणि आमच्या कोंबड्या त्यावर झोपायच्या. रबर हा शब्द मामंजी शिवीसारखा उच्चारायचे. खोडरबर मागितलं तरी त्यांच्या कपाळाला आठी.

त्या चाकापेक्षाही जुनी एक गोष्ट त्यांच्या उरात रुतलेली होती. लग्न झालं तेव्हा माचीवाडीला गाडी चढत नव्हती, म्हणून नवरी हळदीच्या पायांनी पाचही वळणं चालत उतरली. पायाला काटा लागला होता, आणि ती सारखी मागे वळून बघत होती. नदीपाशी मामंजींनी तिला सांगितलं होतं, "रडू नगंस. तुज्या बापाच्या दारात माजं चाक लावंन, तवाच सुतार म्हन." बाप गेला, चाळीस वर्षं गेली, चाक काही लागलं नाही. आत्याबाईंनी त्यावरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं मामंजींच्या चेहऱ्याकडे बघून वाटायचं.

आता माझे यजमान. नाव घेतल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही, म्हणून घेते: विलास. पिंपरीच्या एका कंपनीत गिअरच्या खात्यात. त्यांनी देहूरोडच्या लष्करी लिलावातून एक जीप आणून परसात उभी केली होती. दोन वर्षं दर रविवारी ते तिच्याखाली झोपलेले असायचे. मी लोकांना सांगायची, आमच्या घरात मी आणि जीप अशा दोघी आहोत, आणि थोरली ती.

त्या जीपला त्यांनी कमानींमध्ये, म्हणजे खालच्या स्प्रिंगांमध्ये, जादा पाटे घालून चांगली वीतभर उंच केली होती. चारही चाकांना ताकद जायची, हे तिचं भूषण. पण चढावर जोर वाढवणारा जो छोटा दांडा असतो, तो लष्करातूनच गंजून आलेला, जागचा हलत नव्हता. विलास म्हणायचे, तेवढं एक सोडलं तर गाडी फर्स्ट क्लास आहे. आणि टायर? टायर माझ्या तळहातासारखे गुळगुळीत.

"टायर घालू," विलास म्हणाले. "आई, तुला भाऊबीजेला वर नेतो."

मामंजी कोंबड्यांच्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, "चाक निवडायला मी येनार."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं देहूरोडला गेलो. मी कशाला, तर मला घरी बसवेना. जयसिंगभाऊंचं दुकान मुंबई रस्त्याला होतं. ते पूर्वी लष्कराच्या डेपोत कामाला होते, आता डेपोतून निघालेले टायर विकायचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे रोजचं ताजं फूल, आणि त्याखाली माणसाएवढ्या उंचीच्या काळ्या चळती. आत शिरलं की रबराचा जड वास यायचा आणि गारवा लागायचा. त्या चळतींमधून चालताना मला विहिरींच्या गावात आल्यासारखं वाटलं. प्रत्येक टायरच्या पोटात थोडा थोडा अंधार साठलेला.

जयसिंगभाऊंनी तीन टायर काढून उभे केले. "हा सहा-सोळा, म्हणजे सहा इंच रुंद, सोळा इंची रिंगचा, जीपचा मूळचा. हा सात-सोळा, जरा मोठा. आणि हा साडेसात-सोळा, मोठ्या लष्करी गाडीचा. वरच्या या रबरी गोट्या बघा कशा आहेत, चिखलात खोल धरतो. पण भाऊ, तुमच्या जीपला मधला घ्या. टायर डोळ्यानं घेऊ नये. इंजिनाला विचारून घ्यावा."

मामंजी तिन्ही टायरांभोवती फिरले. मुलगी बघायला आलेला माणूस जसा आधी घराच्या वाशांकडे बघतो, तसे ते आधी सगळीकडे बघत राहिले. मग साडेसात-सोळापाशी उकिडवे बसले. खिशातून सुतळी काढून त्याचा घेर घेतला. वितीने उंची मोजली. आणि मग त्या माणसाने, ज्याने आयुष्यात रबराला शिवी दिली होती, त्या टायरवर हात ठेवला. गोट्यांमधून बोट फिरवलं. डोळे मिटले.

"ह्यो," ते म्हणाले. "चाक ल्हान आसंल तर बैल मरतुया. चाक थोर आसंल तर बैल गात जातुया. खड्डा आला तर ल्हान चाक खड्ड्यात पडतंय, थोर चाक वरनं जातंय. माज्या बापानं शिकवलंय मला."

त्यांचा आवाज बदलला होता. कित्येक वर्षांनी मी मामंजींना सलग इतकं बोलताना ऐकलं. चाकाच्या मधला तुंबा कसा तासतात, त्यात आरे कसे बसवतात, लोखंडाची धाव तापवून लालभडक झाली की चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं, मग चाक कसं कण्हतं आणि आवळून घट्ट होतं, हे सगळं ते जयसिंगभाऊंना सांगू लागले. जयसिंगभाऊ ऐकत राहिले. गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत.

मी विलासकडे पाहिलं. ते काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडत होते. त्यांनी वडिलांच्या हाताकडे बघितलं, त्या काळ्या गोट्यांवर ठेवलेल्या, बोटं वाकडी झालेल्या हाताकडे. आणि तोंड मिटलं.

"साडेसातच द्या," ते म्हणाले.

टायर मागून टेंपोने येणार होते. परत येताना मी बसमध्ये विचारलं, "काय बोलणार होतात?"

मामंजी पुढच्या बाकावर झोपले होते. विलास हळू आवाजात म्हणाले, "बैल चाकाच्या पुढे असतो, प्रभा. ओढतो. त्याला मोठं चाक हलकं. इंजिन चाकाला पोटातून फिरवतं. त्याला मोठं चाक जड. चढावर गाडीचा जोर कमी पडणार."

"मग सांगितलं का नाही? तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"चढेल," ते म्हणाले. "चढेल गं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांचा असा राग आला, की चिंचवड येईपर्यंत मी बोलले नाही. प्रेमापोटी गप्प बसणारी माणसं घरात दोन झाली की घराचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी बदललेलं नाही.

टायर चढले तेव्हा जीप आणखी उंच झाली. आता आत्याबाईंनी चढायचं कसं? मामंजींनी दोन पायऱ्यांची घडवंची केली. शिवाय परसातल्या चाकावरच्या कोंबड्या हुसकून त्यातला एक आरा काढला आणि त्याची जाडजूड पाचर तासली. चढावर गाडी मागे घरंगळू नये म्हणून गाडीवान चाकामागे लावतात तशी. जुनी बाभूळ दगडासारखी झाली होती. दोन दिवस ते ती पाचर कुशीत घेऊन फिरत होते.

भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो. आत्याबाई पुढे विलासच्या शेजारी, हिरवं लुगडं, मांडीवर ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं. मी आणि मामंजी मागच्या बाकांवर समोरासमोर. चाकणच्या पुढे कांद्याच्या रोपांची शेतं लागली, दव अजून सुटलेलं नव्हतं. एवढ्या उंचावरून मी शेतं कधी पाहिली नव्हती. बांध खालून सरकत होते, बायका मान वर करून बघत होत्या, आणि आपण रस्त्यावरून चाललोय की रस्त्याच्या थोडं वरून, ते मला कळेनासं झालं. आत्याबाई कुणालाही हात करत होत्या. ओळख असो नसो.

नदीला मांडीभर पाणी होतं. तिथे एक बैलगाडी अडकलेली, रबरी चाकांचीच, पण बुटकी. आमची जीप तिच्या शेजारून पाणी कापत सरळ निघून गेली. टायरच्या गोट्यांनी तळातली वाळू अशी धरली की गाडी कुठेच अडखळली नाही.

"बगा!" मामंजी उभेच राहिले. "थोर चाक! म्हनलं नव्हतं म्या?"

"व्हय व्हय," आत्याबाई मागे न बघता म्हणाल्या, "म्हनला व्हता." त्यांच्या आवाजात हसू होतं. मी विलासच्या पाठीकडे बघितलं. पाठ ताठ होती.

पहिलं वळण चढलो. दुसरंही चढलो, पण इंजिन धापा टाकायला लागलं. तिसऱ्या वळणावर जांभळाच्या झाडाखाली जरा सपाट जागा आहे, तिथपर्यंत पोचलो. त्याच्या पुढचा चढ म्हणजे अंगावर येणारी भिंत. जीप त्यावर दोन गाड्यांच्या लांबीइतकी गेली, थरथरली आणि बंद पडली. आणि मागे सरकू लागली. हँडब्रेक ओढला तरी सरकू लागली.

मामंजी कधी उडी मारून खाली गेले ते मला दिसलंच नाही. सत्तरीचा माणूस. चाकामागे पाचर बसल्याचा आवाज तेवढा आला, आणि गाडी थांबली.

तीन वेळा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा तेच. क्लच जळाल्याचा वास सुटला. शेवटी विलासनी गाडी मागे घेऊन जांभळाखाली उभी केली, चावी फिरवून बंद केली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले. एकदम सगळं शांत झालं. वरून कुठूनतरी शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. म्हणजे वाडी तेवढी जवळ होती.

"एवढं थोर चाक घातलं," मामंजी खालून म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. ते टायरकडे असे बघत होते, जणू एखादा नेहमीचा पाहुणा ऐनवेळी ओळख विसरला आहे. "थोर चाक हाय. मग जड का जातंय?"

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मामंजी, यांना विचारा. यांना दुकानातच माहीत होतं."

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

मामंजींनी मुलाकडे पाहिलं. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय आण्णा," विलास म्हणाले. कंपनीतली भाषा कुठच्या कुठे गेली होती. "गाडीला बैल पुढनं ओढतो, तवा थोर चाक हलकं जातं. हितं इंजिन चाकाला आतनं फिरवतंय. जेवढं चाक थोर, तेवढा त्याला भार."

मामंजींनी हातातली पाचर उलटसुलट केली. "मग बोलला का न्हाईस?"

"लई दिसांनी तुमी चाकाला हात लावला व्हता, आण्णा," विलास म्हणाले. "मला तुमचा हात काढवंना."

मला बसमधल्या माझ्या रागाची लाज वाटली. सगळीच वाटली नाही, अर्धी वाटली.

मामंजी आत्याबाईंच्या बाजूला आले. त्यांची मान खाली होती. "गिरजे," ते म्हणाले. आमच्या देखत त्यांनी कधी नाव घेतलं नव्हतं. "मी बैल धरून हिसाब केला. चुकलं माजं."

आत्याबाई वर चढाकडे बघत होत्या. तिथून घरं दिसत नाहीत, नुसतं आभाळ दिसतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आसू द्या. हितवर आनलं हे काय थोडं झालं? प्रभावती, ताट सोड. हितनंच ओवाळते."

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझी एक मावशी ओवाळायची, अंगणात उभी राहून. पण भाऊ असताना, हाकेच्या अंतरावर असताना डोंगराला ओवाळणारी बाई मी तेवढीच पाहिली. मी ताट सोडलं. निरांजन लावलं. वाऱ्याने विझलं. पुन्हा लावलं, पदराचा आडोसा केला, तरी विझलं. काडेपेटीतल्या काड्या संपत आल्या. आत्याबाई माझा हात धरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे," आणि मग त्या रडल्या. मोठ्याने नाही. लग्नात पायात काटा घेऊन उतरताना अशाच रडल्या असतील.

"चला माघारी," मामंजी म्हणाले.

गाडी वळवायला जागा अपुरी होती. त्यात चाकं एवढी रुंद, की स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर टायर कमानीला घासायचे. म्हणून विलासनी आधी जीपचं तोंड दरीच्या बाजूला घेतलं आणि मग मागचा भाग वरच्या चढावर घालण्यासाठी रिव्हर्स टाकला. हातभर मागे जायचं होतं. जीप हातभर गेली, दोन हात गेली, आणि त्याच भिंतीसारख्या चढावर मागची चाकं टाकून अशी सहज चढत राहिली, की जणू तिला कुणी वरून हाक मारली होती. विलासनी दचकून ब्रेक दाबला.

"काय झालं?" मी विचारलं.

ते वळून माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. ओठ हलत होते. कंपनीत ते दिवसभर गिअरचे दात मोजतात, तसे मोजत होते. "रिव्हर्स," ते म्हणाले. "पहिल्या गिअरपेक्षा रिव्हर्स हळू असतो. सगळ्यात जास्त जोर त्यात. मी गिअर बनवणारा माणूस, आणि माझ्या ध्यानात आलं नाही." मग ओरडून, "आण्णा! पाचर घ्या. उलटी चढवतो!"

मामंजींनी आधी जीपकडे पाहिलं, मग चढाकडे. "उलटी?"

"उलटी."

"बैल कदी उलटा जुपला न्हाई म्या," ते म्हणाले, आणि पाचर घेऊन गाडीच्या खालच्या अंगाला, चाकाशेजारी चालायला उभे राहिले.

आणि आम्ही निघालो. पुढे तोंड दरीकडे, आणि जीव डोंगराकडे. मी मागच्या बाकावरून रस्ता सांगत होते. "डावीकडे. अहो डावीकडे! माझ्या डावीकडे नाही, तुमच्या." विलास मान मोडून मागे बघत होते. मामंजी एका हाताने मडगार्डला धरून चालत होते, गाडी अडखळली की पाचर चाकाखाली, निघाली की पाचर हातात. टायरच्या गोट्या दगड धरत होत्या, सोडत होत्या, पुन्हा धरत होत्या. इंजिन एका सुरात घुमत होतं.

पुढे बसलेल्या आत्याबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त दरी दिसत होती, आणि दरी हळूहळू खाली चालली होती. आधी जांभूळ गेलं. मग नदी नजरेत आली आणि दोऱ्याएवढी होऊन खाली बसली. अडकलेली बैलगाडी मुंगीएवढी. मग चाकणची बाजू, आणि त्याच्याही पलीकडे, निळ्या धुरकटात, पिंपरीकडच्या धुराड्यांच्या उभ्या रेघा, जिथून त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी परत यायचा. सगळं आयुष्य त्यांच्या पायांपासून लांब लांब सरकत मोठं होत होतं. पाचव्या वळणाला वारा पडला. पिवळ्या गवतात ऊन नुसतं झोपलं होतं.

"प्रभावती," त्या म्हणाल्या, "मी उतरले तवा सारकी मागं वळून बगत व्हते. माहेर दिसतंय का म्हनून. आता वर चाललीया आन् समोर सासर दिसतंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते बी लई लांबनं बरं दिसतंय."

मला मागे, म्हणजे आमच्या पुढे, चिंच दिसली. पार दिसला. मग एक शेळी, तोंडात फांदी धरून आमच्याकडे बघत उभी. मी तिला ओळखलं. देवाशपथ ओळखलं.

पहिलंच घर भैरूमामांचं, त्यांच्या बापापासूनचं. अंगणात उन्हाला बाज टाकलेली, बाजेवर घोंगडी, आणि घोंगडीत मामा. इंजिनाच्या आवाजाने ते नुकते जागे झाले असावेत. कोपरावर उठायचा प्रयत्न करत होते, उठवत नव्हतं. त्यांना काय दिसलं असेल ते माझ्या लक्षात आलं. त्यांना गाडीची पाठ दिसली. तोंड दरीकडे केलेली, माघारी निघालेली गाडी. आणि पुढच्या सीटवर हिरवं लुगडं आणि पिकल्या केसांचा अंबाडा, तोही पाठमोरा.

"गिरजे!" ते ओरडले. आवाज फुटत होता. "ए गिरजे! मला झोप लागली गं! न भेटताच चाललीस व्हय? थांब की!"

आत्याबाईंना मान वळवता येईना, खुबा वळू देईना. दरीकडे बघत, दोन्ही हातांनी ताट धरून, त्या मोठ्याने म्हणाल्या, "न्हाई रं दादा! चालली न्हाई! आले! आले मी!"

"थांब गं!" मामा हात पुढे करून म्हणत होते. आणि जाणारी गाडी जवळ येत होती. ते हाका मारत होते आणि ती जवळ येत होती, अगदी अंगणात, बाजेच्या खुरापाशी, त्यांनी पुढे केलेल्या हाताला तिचं मागचं चाक लागेपर्यंत.

विलासनी इंजिन बंद केलं. जागा चांगली सपाट होती. तरी मामंजींनी खाली बसून, आपल्या सासऱ्याच्या त्या दारात, चाकाला पाचर लावली.